समुद्राचा मान आणि सुनेचे रांजण

एका वैशाखात मी नेम धरला होता. सकाळी उठून दारात पाण्याचा माठ भरून ठेवायचा आणि येणारं-जाणारं कुणीतरी पाणी पिऊन गेलं की मगच देवपूजेला बसायचं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, आधी देव, मग माणसं. तुझं सगळं उलटंच." मी त्यांना ओट्यावर बसवलं आणि ही कहाणी सांगितली. तुम्हीही ऐका.

फार पूर्वी, बारा महिने ऊन असणाऱ्या एका समुद्रात बेटांची एक रांग होती. सगळ्यांत मोठं नारळीचं बेट, त्याच्यापुढे पोफळीचं, आणि पार टोकाला, एकटं पडलेलं धाकटं बेट. नारळीच्या बेटावर एक तांडेल राहायचा, म्हणजे गलबताचा म्होरक्या. त्याचं शिडाचं गलबत बेटाबेटांवर फिरायचं. मीठ-मिरची न्यायचं, सुपारी आणायचं, लेकीबाळींना माहेरी सोडायचं. धाकट्या बेटाची विहीर उन्हाळ्यात खारट व्हायची, म्हणून तिथं गोड्या पाण्याचे रांजणही न्यायचं.

पण त्या लोकांची एक रीत होती, बरं का. दोन बेटांच्या मध्यावर आलं की समुद्रात एक रांजण गोडं पाणी ओतायचं. हा समुद्राचा मान. धाकट्या बेटाच्या अलीकडे आडवा वारा सुटायचा. तिथं एकदा एक गलबत कलंडलं. लोक म्हणाले, मान कमी पडला. पुढच्या खेपेला जास्त रांजण ओतले, तर आणखी एक गलबत गेलं. त्यात तांडेलाचा सख्खा भाऊ होता. तेव्हापासून ठरलंच, की त्या जागी सगळे रांजण रिकामे करायचे. धाकट्या बेटासाठी एक घागर ठेवली की झालं. त्या घागरीतलं पाणी तिथल्या बायका पोरांना पळीपळीनं वाटायच्या.

तांडेलाची सून त्या धाकट्या बेटाची लेक होती. त्या वर्षी तिच्या भावाला मुलगी झाली. बारशाचं बोलावणं आलं, सोबत निरोप आला : "आत्याबाई, कुंची नको, वाळे नकोत. गोडं पाणी आण. बाळंतिणीचं तोंड सुकलंय."

सून देवीच्या देवळात गेली. ओटी भरली आणि म्हणाली, "आई, माझ्या भाचीची घुटी मी आपल्या इथल्या विहिरीच्या पाण्यातच उगाळीन. तोवर गोड्या पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाही. शहाळ्यावर राहीन." नेम धरला आणि गलबतावर चढली. सुकाणूवर तिचा नवरा, शिडाच्या दोरीला एक म्हातारा खलाशी, आणि पुढच्या टोकाला, नाळेवर, तांडेल.

पोफळीच्या बेटाअलीकडे तांडेलानं एक रांजण ओतला. सुनेनं हात जोडले. पोफळीचं बेट मागं पडलं. पाणी हिरव्याचं काळं झालं. तांडेल उठला आणि म्हणाला, "चला, सगळे रांजण ओता."

सून उठली आणि रांजणांच्या पुढ्यात जाऊन मांडी घालून बसली.

"सूनबाई, बाजूला व्हा."

"नाही होत, मामंजी."

"माहेरचा पुळका आलाय वाटतं."

"आलाय. तिथं माझी वहिनी ओली बाळंतीण आहे. तिचं पाणी मी कुणाला देणार नाही."

"कुणाला म्हणजे? देवाला देतोय आपण."

सून म्हणाली, "मामंजी, हा एवढा समुद्र. याच्या पोटात पाणी कमी आहे का? देव आहे तो, तहानलेला नाहीये. तहानलेली माणसं पलीकडे बसलीत, आणि आपण त्यांच्या तोंडचं काढून ह्याच्या तोंडात घालतोय. देवाला ते गोड लागत असेल, असं मला नाही वाटत."

म्हातारा खलाशी पुटपुटला, "तांडेल, समुद्राशी वाकडं घ्या नाहीतर सुनेशी घ्या. एका दिवशी दोघांशी नको."

तांडेलाचा आवाज चढला. त्यानं मुलाला हाक मारली. "अरे, उठव तुझ्या बायकोला."

मुलगा म्हणाला, "बाबा, वारा फिरतोय. सुकाणू सोडून मला येता येणार नाही." आणि त्यानं मान दुसरीकडे वळवली.

"माझा भाऊ इथंच गेलाय," तांडेल म्हणाला. आता त्याच्या आवाजात राग नव्हता, भीती होती. "गलबत बुडालं तर?"

सुनेनं आपल्या टोपलीतलं शेवटचं शहाळं काढलं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. कोयतीनं तिनं ते फोडलं आणि कठड्याशी उभी राहून समुद्रात रितं केलं. "देवा, मान घे. हा माझ्या वाट्याचा आहे, आनंदानं देते. रांजण दुसऱ्यांच्या वाट्याचे आहेत. ते देणारी मी कोण? राग आलाच, तर आधी मला ने." आणि पुन्हा येऊन रांजणांना पाठ लावून बसली.

तेवढ्यात आडवा वारा आला. शीड फाडफाड वाजलं. गलबत एका अंगाला झुकलं, इतकं की शिडाचं टोक पाण्याला लागलं. तांडेलानं डोळे मिटले. सुनेनं दोन्ही हातांनी एक रांजण घट्ट धरला.

गलबत क्षणभर तसंच राहिलं. मग जड अंगाच्या बाईनं गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसं सावकाश सरळ झालं. पुन्हा वारा आला, पुन्हा झुकलं, पुन्हा उठलं.

म्हाताऱ्या खलाशानं रांजणांकडे पाहिलं. "तांडेल," तो हळूच म्हणाला, "पोट भरलेलं आहे, तळाशी वजन आहे, म्हणून उभं राहतंय हे."

तांडेल खाली बसला. म्हणाला, "भावाचं गलबत जवळजवळ रिकामं होतं रे. मीच सांगितलं होतं त्याला, हात आखडू नकोस, सढळ हातानं ओत."

सून उठली आणि सासऱ्याजवळ जाऊन बसली. धाकट्या बेटाचे माड दिसायला लागले, तेव्हा तांडेलानं डोळे पुसले. गलबत किनाऱ्याला लागल्यावर पहिला रांजण त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि गुडघाभर पाण्यातून बाळंतिणीच्या दारापर्यंत नेला.

आत्यानं घुटी उगाळली, भाचीला चाटवली, मग स्वतः ओंजळभर पाणी प्याली. तिचा नेम पुरा झाला. त्यानंतर त्या वाटेनं जाणारा जो तो आपल्या खाण्यातलं एक शहाळं समुद्राला देऊ लागला, आणि रांजण भरलेले पलीकडे पोचू लागले. काही म्हातारे अजून कुरकुरतात म्हणे. कुरकुरू देत.

तात्पर्य : देवाला मान द्यावा तो आपल्या वाट्याचा; तहानलेल्याच्या वाट्याचं पाणी कुणाच्याही भीतीनं ओतून टाकू नये.

जशी त्या सुनेला देवी पावली, तशी तुम्हाआम्हाला पावो. आणि बायांनो, माझं एक ऐका. उद्या सकाळी देवघरात जायच्या आधी दारात एक माठ भरून ठेवा. कुणी नावं ठेवली, तर त्यांना आत बोलवा, आधी पाणी द्या, मग ही कहाणी सांगा.