गा याउचा अर्थ

“यातला खरा अर्थ कुठला, सिफू?”

गोठोसकरनं प्रश्न विचारला खरा, पण उत्तर त्याच्यापाशी तयारच होतं. हाँगकाँगजवळच्या बेटावर, टेकडीवरच्या एका लहानशा मठात तो कँटनीज शिकायला येऊन राहिला होता. भाषा त्याच्या जिभेवर अशी रुळली होती की बाजारातले लोक वळून बघत. मठातल्या म्हाताऱ्या भिक्षूला तो तिथल्या रीतीनं सिफू, म्हणजे गुरुजी, म्हणे.

सिफू दिव्यांच्या वाती सारत होते.

“शब्दशः बघितलं तर गा याउ म्हणजे तेल घाल,” गोठोसकर म्हणाला. “पण लोक म्हणतात ते, हिंमत सोडू नकोस, अशा अर्थानं. शर्यतीत, परीक्षेत, आजारपणात. बोलीतला अर्थच खरा. तेलाचा आता त्याच्याशी काही संबंध उरलेला नाही.”

“हं...”

तेवढ्यात पायऱ्या चढून लामबाई आली. खाली बंदरावर ती मासळी विकायची.

“पोराला ऑपरेशनला आत नेलंय,” ती धापा टाकत म्हणाली. “दवाखान्यात बसवेना मला.”

गोठोसकर पुढे झाला. अगदी अचूक उच्चारात म्हणाला, “गा याउ.”

“सकाळपासून सगळे तेच म्हणतायत...”

ती तशीच उभी राहिली.

सिफू उठले. तेलाची किटली त्यांनी तिच्या हातात दिली आणि दिव्याकडे बोट केलं.

तिचे हात इतके कापत होते की धार बाहेरच जात होती. सिफूंनी तिच्या हाताखाली आपला हात धरला.

हळूहळू धार सरळ झाली.

“गा याउ, आ-मिंग,” ती दिव्याकडे बघत पुटपुटली. “गा याउ, बाळा.”

मग तिनं किटली ठेवली, डोळे पुसले आणि दवाखान्याकडे उतरू लागली. आता पावलं नीट पडत होती.

गोठोसकरनं दिव्यात वाकून बघितलं.

“पण सिफू, दिवा तर आधीच काठोकाठ भरलेला होता. तेलाची गरज नव्हती. आणि धीराचा शब्दही तुम्ही बोलला नाहीत. मग हे... कुठल्या अर्थानं?”

सिफूंनी कोपऱ्यातलं फडकं उचलून त्याच्या हातात दिलं.

“तेल सांडलंय. पुसून घे, कुणाचा तरी पाय घसरेल.”