शंभर अंगठ्यांचा लेप

"आजी, तेराच पाय झालेत अजून! जरा हात चालवा!" गोमाजी गोम कळवळून ओरडला.

"हात असते तर आधी तुझ्या कानाखाली वाजवली असती," गोगलगाय वैदीण म्हणाली.

माणसाने अजून जोडेसुद्धा शिवले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. रोज अळ्या चापून गोमाजीला वातरक्त, म्हणजे सांधे सुजवणारं दुखणं, जडलं होतं. एका अंगठ्याची सूज उतरली की दुसरा टम्म सुजायचा. आणि पौर्णिमेला तर लेकीच्या वरातीत नाचायचं होतं!

"भरपूर पाणी पी, पालेभाजी खा, अळ्या सोड."

"पथ्याचं नाव काढू नका! लेपच लावा!" तोंडातली अळी चघळत गोमाजी म्हणाला.

उरलेला सगळा लेप आजीने त्याच्यापुढे ढकलला.

"पाय शंभर असले तरी तोंड एकच आहे ना मेल्या, मग लेप तिथेच थाप!"