त्रिविक्रमशास्त्र्यांची तपासणी

"आणि नेमका माझाच शोधक अधू निघावा? हा कुठला न्याय, स्वामी?"

त्रिविक्रमशास्त्र्यांनी रक्ततपासणीचा अहवाल केवलस्वामींच्या पुढ्यात टाकला. ठेवला नाही, टाकला.

या मठात पोथ्या अजून हाताने उतरवतात. उतरवलेली प्रत मूळ पोथीशी ताडून पाहायची, चुकल्या अक्षरावर पिवळ्या हरताळाचा लेप द्यायचा आणि वर शुद्ध अक्षर लिहायचे, हे शोधकाचे काम. शास्त्री ते एकतीस वर्षे करत होते.

"काय लिहिलं आहे?" स्वामींनी विचारले.

"पेशी दुभंगण्यापूर्वी आपली संहिता उतरवून घेते. उतरवताना अक्षरं चुकतात. ती हुडकून दुरुस्त करवणारं एक जनुक असतं. त्याच्या प्रती दोन. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. माझी वडिलांकडची प्रत जन्मापासून मोडकी आहे."

"आणि आईकडची?"

"ती काम करते आहे. अजून तरी."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"दरवर्षी आतड्यात दुर्बीण घालून पाहू, म्हणतात. केशव आतड्याच्याच कर्करोगानं गेला, म्हणून." धाकट्या भावाचे नाव शास्त्र्यांनी घाईने उरकले आणि ते पुन्हा ताठ बसले. "मी जाणार नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका मी काढल्या. आता कोणी कालचा डॉक्टर माझ्या देहात चुका शोधणार? मी तपासलेली पोथी कुणाला पुन्हा उघडावी लागली आहे का?"

स्वामी उठले. कपाटातून बासनात बांधलेली एक पोथी काढून त्यांनी शास्त्र्यांच्या मांडीवर ठेवली.

"ही तूच तपासलेली. मागच्या चातुर्मासातली. सोड."

गाठ सुटली. पाने उलटली. बाविसाव्या पानावर शास्त्र्यांचे बोट थबकले.

हरताळाचा एक ठिपका. वरचे अक्षर किंचित कापरे... त्यांचे नव्हते.

चार पानांपुढे आणखी एक.

"हे कुणी केलं?"

स्वामींनी उजवा हात पुढे केला. तर्जनीच्या नखाच्या कडेला पिवळी रेघ होती.

"किती पोथ्यांत?"

"सगळ्यांत."

"एकतीस वर्षं... आणि मला एका शब्दानं सांगितलं नाहीत? हा माझा अपमान आहे, स्वामी."

"पोथी शुद्ध राहिली."

शास्त्र्यांनी ते कापरे अक्षर पुन्हा पाहिले. मग उठून कपाटातली एक जुनी पोथी सोडली. तिच्यातही ठिपके होते. वळण तेच, अक्षर मात्र ठसठशीत, ठाम...

स्वामींनी अहवाल उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. वाचता येईना. घडी घालून त्यांनी तो परत दिला.

"डॉक्टरांनी दिवस कोणता दिला आहे?"

"गुरुवार."

"मग बुधवारी नीघ. दुसरा शोधकही म्हातारा होतो, त्रिविक्रमा."