उरलेली मुंगी

मुंग्यांना मोजणीचा फार सोस होता, त्या काळातली गोष्ट. एका वारुळात दोन हजार पाचशे एकवीस मुंग्या राहायच्या. शेतात पाटाचं पाणी सुटणार होतं, म्हणून सगळ्या बांधापलीकडच्या वारुळात निघाल्या. राणीचा हुकूम होता, रांगा सारख्या हव्यात. उरेल तिनं मागे राहायचं.

रांगा लावायचं काम गोदाक्काचं. तिनं दोन-दोनच्या लावल्या, एक उरली. तीन-तीनच्या लावल्या, एक उरली. थेट दहा-दहापर्यंत तेच. उरायची ती दर वेळी लंगडी ठकी, कारण तिला पोचायलाच उशीर व्हायचा.

"ठके, तुझ्यातच खोट आहे बाई," गोदाक्का म्हणाली.

"मी लवकर आले असते, तर दुसरी कुणी उरली असती ना हो, अक्का?"

"मला हिशेब शिकवू नकोस!"

ठकीला मागे ठेवलं. मग काय, दोनपासून दहापर्यंत कशाही लावा, रांगा चोख! गोदाक्काची मान ताठ झाली. मागे पाण्याचा खळखळाट झाला, तेव्हा मात्र ती मोठमोठ्यानं आकडे म्हणू लागली.

नव्या वारुळाशी राणी म्हणाली, "दार रुंद आहे. अकरा-अकरानं या."

गोदाक्कानं दाराशी उभं राहून एकेक रांग आत सोडली. शेवटची रांग गेली आणि बाहेर ती एकटीच उरली. पाणी बांधाला लागलं होतं.

दार लिंपणारी मुंगी कुजबुजली, "अक्का, आतली एखादी बाहेर काढू?"

गोदाक्कानं आत पाहिलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या.

"नको गं," ती म्हणाली. "मग ती उरेल. लिंप तू दार."