पत्त्यावरचे परके नाव

समुद्रकाठच्या एका तालुक्याच्या गावी रक्त तपासणारी एक प्रयोगशाळा होती. तिथले संगणक सुनेत्रा घाग सांभाळत असे. प्रयोगशाळा लहान, पण नाव मोठे. ‘इथला रिपोर्ट डोळे मिटून घ्यावा,’ असे शहरातले डॉक्टर म्हणत. सुनेत्राला त्याचा फार अभिमान होता.

एकदा प्रयोगशाळेने नव्या इंटरनेट कंपनीची जोडणी घेतली. दुसऱ्या दिवसापासून शहरातल्या मोठ्या रुग्णालयाला पाठवलेले मेल परत येऊ लागले. चौथ्या दिवशी तिथल्या डॉक्टर रियाज दळवींचा फोन आला. “ताई, माझ्या पेशंटचे ऑपरेशन तुमच्या रिपोर्टविना अडले आहे. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती.”

सुनेत्राला ते फार लागले. तिने रिपोर्ट फोनवर वाचून दाखवला, कागद एसटीने माणसाबरोबर धाडला आणि दोष शोधायला बसली.

इंटरनेटवर मेल पाठवणाऱ्या यंत्राला एक नाव असते आणि एक आकडी पत्ता असतो. नावावरून पत्ता सापडावा, आणि पत्त्यावरून तेच नाव निघावे. दोन्ही जुळले नाहीत, तर रुग्णालयाचे यंत्र मेल दारातूनच परत पाठवते. सुनेत्राने नावावरून पत्ता शोधला. तो बरोबर निघाला. पत्त्यावरून नाव शोधले, तर निघाले एका बंद पडलेल्या हॉटेलचे! तो पत्ता पूर्वी हॉटेलकडे होता आणि कंपनीने जुनी नोंद पुसलीच नव्हती. ती पुसणे फक्त कंपनीच्याच हाती होते.

तिने कंपनीला फोन केला. उत्तर आले, “मॅडम, आमच्याकडून सगळे ओके आहे. तुमचे सेटिंग तपासा.” दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच.

सुनेत्रा चिडली. मग तिच्या मनात आले, ‘खरेच, आपले आपण तपासले आहे का?’ तिने एकेक ओळ वाचून काढली. आणि सापडले! मेल पाठवणारे तिचे यंत्र, म्हणजे सर्व्हर, दुसऱ्यांना स्वतःची ओळख सांगताना नावातले एक अक्षर गाळत होते. नवी जोडणी आली तेव्हा ते नाव तिनेच टाइप केले होते.

तिने चूक दुरुस्त केली. तरी मेल परत येतच राहिले, कारण हॉटेलची नोंद तशीच होती. ती कंपनीला सविस्तर पत्र लिहू लागली, तेव्हा शेजारच्या टेबलावरचे बर्वेकाका म्हणाले, “स्वतःची चूक कशाला लिहितेस? सगळे खापर तुझ्यावरच फोडतील.”

सुनेत्राचा हात थांबला. आठ वर्षांत तिच्या कामात कुणी खोट काढली नव्हती. आता ती स्वतःच लिहून द्यायची?

क्षणभराने तिने पत्राची पहिली ओळ लिहिली : ‘आमच्याकडे एक चूक होती. ती माझी होती. मी ती सुधारली आहे.’ त्याखाली कंपनीची चूक लिहिली, पुराव्यासह. एक शब्द कमी नाही, एक शब्द जास्त नाही.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे वरिष्ठ इंजिनिअर जयवंत पाटणकर यांचा स्वतःहून फोन आला. “ताई, रोज ढीगभर तक्रारी येतात. प्रत्येकीत चूक आमचीच, असे लिहिलेले असते. आपली चूक आधी सांगणारे हे पहिलेच पत्र. म्हणून मी ते शेवटपर्यंत वाचले. हॉटेलची नोंद आमचीच चूक. आत्ता बदलतो.” मग म्हणाले, “तुमच्यामुळे शेजारचे पत्तेही तपासले. आणखी अकरा ग्राहकांच्या नोंदी चुकलेल्या निघाल्या.”

संध्याकाळपर्यंत नाव आणि पत्ता जुळले. मेल गेला आणि परत आला नाही. थोड्याच वेळात डॉक्टर दळवींचे उत्तर आले : ‘रिपोर्ट मिळाला. एसटीने आलेल्या कागदावर ऑपरेशन आज सकाळीच झाले. पेशंट बरा आहे.’

बर्वेकाकांनी विचारले, “मग शेवटी चूक निघाली कुणाची?”

सुनेत्रा मान ताठ ठेवून म्हणाली, “दोघांची. माझी मी आधी शोधली, म्हणून त्यांची त्यांना दाखवता आली.”

तात्पर्य: स्वतःची चूक उघड मान्य करणाऱ्याची मान खाली जात नाही, दुसऱ्याची चूक ठामपणे दाखवण्याचा अधिकार त्यालाच मिळतो.