बारा वेळा भाजलेला वारा

"…मग दोष कुणाचा, सर? माझा, की खेळणाऱ्यांचा?"

माळवदे सरांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला.

कौस्तुभ शिंत्रेच्या अंगाचा तिळपापड झाला. पुण्याहून सलग तिसऱ्या रविवारी तो गडहिंग्लजला आला होता, सायकलच्या दुकानावरच्या याच खोलीत. बारा वर्षांचा असताना याच टेबलाशी बसून तो पहिल्यांदा खेळला होता. एकाने सूत्रधार व्हायचं आणि गोष्ट सांगायची. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं, ते काय करतं ते बोलायचं, आणि अडलं की फासा टाकायचा. एवढाच खेळ. सरांनी तो तीस वर्षं चालवला. आता कौस्तुभने स्वतःचा रचला होता आणि त्याचं नाव ठेवलं होतं 'शिळाक्षर'.

परदेशी खेळांत रून असतात, दगडावर कोरलेल्या मंतरलेल्या खुणा. कौस्तुभने तशा चोवीस खुणा स्वतः काढल्या होत्या: वीज, वारा, जीव, दार, सावली… प्रत्येक खूण मातीच्या चकतीवर कोरून, भट्टीत भाजून, वर काळीनिळी झिलई चढवलेली. सोबत तीनशे पानांचं नियमांचं पुस्तक. कुठली खूण किती लांब पोचते, किती इजा करते, कुठल्या खुणेशी जुळते, सगळं पानावर. एक फट ठेवली नव्हती पठ्ठ्यानं.

आणि लोक जांभया देत होते.

"गेल्या वेळी दहा मिनिटांत सात खुणा वापरल्या," तो म्हणाला. "मीठ भुरभुरावं तशा! मंत्रविद्या आहे ही, सर. जरा तरी धाक वाटायला नको? लोकांना किंमतच नाही."

खेळ रंगला नाही की खेळणाऱ्यांच्या नावानं बोटं मोडायची, ही खोड काय फक्त कौस्तुभची नाही. आपल्याकडे नाटक पडलं तर प्रेक्षक अडाणी असतात आणि पूल पडला तर नदी.

"शकूताई आल्या," सर म्हणाले. "बस. खेळू."

सरकारी दवाखान्यातल्या नर्स शकूताई हेब्बाळे आणि वीज मंडळातले वायरमन इब्राहिमभाई मुजावर जिना चढून आले. सरांच्या या खेळमंडळात मतदान नसतं, चर्चा नसते. नवा खेळ तीन रविवार खेळून बघायचा. उठताना ज्यानं आपल्या पात्राचा कागद घरी नेला, त्याला खेळ हवाय. ज्यानं टेबलावर ठेवला, त्याला नकोय. दोन रविवार झाले, सगळे कागद टेबलावरच राहिले होते. आजचा शेवटचा.

"मला परत वीजच का रं?" चकत्या वाटल्यावर इब्राहिमभाई म्हणाले. "आठवडाभर तीच, रविवारी पण तीच."

"तुमच्याकडं येते-जाते तरी," शकूताई म्हणाल्या. "आमच्या गल्लीत कालपासून नाही."

सर हसले. आज तेही खेळायला बसले होते. त्यांचं पात्र होतं एक म्हातारा नावाडी, आणि त्यांच्यापुढे वाऱ्याची चकती होती.

कौस्तुभ सूत्रधाराच्या खुर्चीत बसला. पुस्तक उघडलं. खाली फुगलेली नदी, वर दोरांचा पूल, पलीकडे गाठायचं ते देऊळ, पुलाच्या तोंडाशी डोंगराएवढा शिळादैत्य…

"वीज टाकली," इब्राहिमभाई म्हणाले आणि चकती पालथी घातली.

कौस्तुभने पान उलटलं. "आठ इजा. दैत्याचा खांदा तडकतो."

"मी सावली टाकते." शकूताईंनीही चकती पालथी घातली. मग पिशवीतून शेंगा काढल्या.

पान उलटलं. "तुम्ही दोन फेऱ्या दिसत नाही."

"शेंगा घ्या, सर."

कौस्तुभने डोळे मिटून घेतले. संपलं, त्याला वाटलं. दोन वर्षं…

"कौस्तुभ," सर म्हणाले. "नववं पान वाच."

"ते नुसतं प्रास्ताविक आहे, सर."

"वाच."

त्याने वाचलं. "'खूण फुटते, तेव्हाच तिच्यातली शक्ती सुटते. मांत्रिक आपली खूण दगडावर आपटून फोडतात.'"

"मग हे पालथी घालतायत ते काय?"

"ते गोष्टीतलं आहे, सर. खेळताना पालथी घालायची. गोष्टीत सकाळ झाली की सुलटी करून परत वापरायची."

"का?"

कौस्तुभने सरांपुढच्या चकतीकडे बोट केलं.

"…चकत्या आहेत त्या, सर. हाताने केल्यात. ही वाऱ्याची चकती अकरा वेळा भट्टीत तडकली. बाराव्या वेळेला जमली."

सरांनी मान डोलावली. कागद उडू नयेत म्हणून टेबलावर खालच्या दुकानातला एक जाड लोखंडी पाना ठेवलेला असे. तो त्यांनी उचलला. वाऱ्याची चकती आपल्यापुढे नीट मध्यभागी ठेवली.

"सर—"

खाट्कन आवाज झाला.

चकतीचे चार तुकडे झाले. एक शेंगांच्या टरफलांत जाऊन पडला.

शकूताईंचा हात तोंडाशीच थांबला. इब्राहिमभाई "या अल्ला" एवढंच म्हणाले. खाली दुकानात कुणीतरी चाकात हवा भरत होतं, ते तेवढं ऐकू येत होतं.

"वारा सुटला," सर म्हणाले. "सूत्रधार, सांगा."

कौस्तुभचा हात चकत्यांच्या पेटीकडे गेला. उठून जावं, पेटी आवरावी, या म्हाताऱ्याचं तोंड पुन्हा बघू नये! पण तिघेही त्याच्याकडे बघत होते. खेळ थांबवायचा नसतो, हे त्याला याच माणसाने याच टेबलाशी शिकवलं होतं.

त्याने पान शोधलं. वारा: समोरच्याला तीन पावलं मागे ढकलतो.

तीन पावलं.

बाराव्या वेळेला जमलेली ती चकती… आणि तीन पावलं?

त्याने पुस्तक मिटलं.

"वारा…" त्याने पुस्तक बाजूला सारलं. "वारा पहिल्यांदा येतच नाही. आधी नदी गप्प होते. पाखरं झाडं सोडतात. दैत्य वर बघतो. आणि मग खोऱ्याच्या तोंडातून तो येतो. झाडं आडवी होतात, पाणी मागे फिरतं, दैत्याच्या अंगावरचे दगड वाळल्या पानांसारखे उडायला लागतात. त्याला ओरडायचंय, पण त्याचं ओरडणंही वारा घेऊन जातो. पूल सुपातल्या धान्यासारखा पाखडला जातोय. कशाला तरी धरा! ज्याचा हात सुटला तो गेला!"

तिघांनी फासे टाकले. इब्राहिमभाईंचा पडला एक.

"तुमचा हात सुटला," कौस्तुभ म्हणाला. "तुम्ही खाली. पुरात."

शकूताईंनी त्यांच्यापुढची शेवटची चकती उचलली. जीव. निळ्या झिलईची, मध्ये लहानसं बी कोरलेलं. गेल्या दोन रविवारी ती त्यांनी बोलता बोलता पालथी घातली होती, एकदा तर साध्या खरचटण्यावर. आता त्यांनी पाना हातात घेतला. वजन बघितलं. चकतीवरून अंगठा फिरवला…

पाना खाली ठेवला.

"थांबा. दोर आहे का कुणाकडं?"

"नावेचा आहे," सर म्हणाले.

"फेका."

फासा पडला. दोर आखूड पडला. मग शकूताईंनी पदर कमरेला खोचला, खरोखरचा, आणि पुलाच्या फळ्या उपटायला काढल्या. सरांचा नावाडी काठाकाठाने पळाला. फळी वाहून गेली. दुसरी अडकली. इब्राहिमभाई खुर्चीच्या टोकावर आले होते. अर्धा तास झाला, शेंगांना कुणी हात लावला नव्हता.

"पाणी नाकाशी आलंय," कौस्तुभ म्हणाला. "हा शेवटचा श्वास."

शकूताईंनी पाना उचलला.

"नको, ताई," इब्राहिमभाई म्हणाले.

"गप बसा. मरताय तुम्ही."

"मरू दे. एकच आहे ती. अजून देऊळ गाठायचंय तुम्हांला. पुढं लागंल."

"इब्राहिमभाई…"

"ठेवा म्हटलं ना. मी हात सोडला. बघा, सोडला." त्यांनी खरंच दोन्ही हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले.

कौस्तुभने जे सांगितलं ते अगदी थोडं होतं. नदीवरून एक पागोटं वाहत गेलं, एवढंच. शकूताईंनी डोळे पुसले आणि रागानं म्हणाल्या, "दवाखान्यात काय कमी बघते, म्हणून इथं पण!"

ऊन कलायला लागलं तेव्हा सगळे उठले. शकूताईंनी कागदाची घडी करून पिशवीत टाकली. इब्राहिमभाईंनी आपला कागद हातात घेतला, त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलं आणि तो शर्टाच्या खिशात ठेवला.

"भाई, तुमचं पात्र तर गेलं," कौस्तुभ म्हणाला. "आता या कागदाचं काय?"

"वा रं! मेलाय तो, हरवला न्हाई." ते जिन्याकडे वळले. "पुढच्या रविवारी त्याचा धाकटा भाऊ येतोय. त्याच्याकडं वीज नको देऊस."

जिना वाजत गेला. मग खालून दोघांची वादावादी ऐकू आली, दोर कुणी आखूड कापला यावरून.

कौस्तुभने वाऱ्याचे तुकडे गोळा केले. तीन टेबलावर होते, चौथा टरफलांत सापडला. हातावर घेऊन तो बघत राहिला. दोन वर्षांत चकत्यांकडे बघून त्याला अभिमान वाटला होता, काळजी वाटली होती. आज पोट भरल्यासारखं वाटत होतं.

"सर, तेवीस उरल्या."

"हं."

"फोडत गेलो तर वर्षभरात संपतील."

"त्याच्या आधीच."

"आणि सगळ्या संपल्यावर?"

माळवदे सरांनी पाना कागदांवर ठेवला आणि चपला पायांत सरकवल्या.

"तेव्हा मला हाक मार. तो खेळ मला खेळायचाय."