गढूळ पाझर

पूर्वी निचुलपूर नावाच्या नगरात रेणुमित्र राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने बांध राखणाऱ्यांच्या एका कुळात जन्म घेतला.

नगराच्या वरच्या अंगाला दोन टेकड्यांच्या मध्ये मातीचा मोठा बांध होता आणि त्यामागे भद्रसर नावाचा तलाव. नगर त्या तलावाच्या पाण्यावर जगत होते आणि बांधाच्या पायथ्याशीच वसलेले होते. बांध नीट राहिला तर भात पिके. बांध फुटला असता तर भात खायला कोणी उरले नसते.

बोधिसत्त्वाचे नाव सोमरक्षित. त्याच्या वडिलांनी त्याला एकच काम शिकवले. रोज सकाळी बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अनवाणी चालायचे आणि मग खाली उतरून पायथ्याने परत यायचे. घुशींची बिळे बुजवायची. झाडाचे रोप रुजलेले दिसले की उपटायचे. कुठे पाझर दिसला तर पाणी ओंजळीत घेऊन पाहायचे. पाणी नितळ असेल तर बांध श्वास घेतो आहे, असे वडील म्हणत. गढूळ असेल तर तो आतून झिजतो आहे.

वडिलांच्या मागे सोमरक्षित हे काम करू लागला. बांधाच्या टोकाशी त्याचे दोन खोल्यांचे घर होते. त्याची पत्नी चापिला परसात भाजी लावी. त्यांचे बरे चालले होते.

पुढे राजाच्या धान्यकोठारावरचा अधिकारी वारला. राजाने विचार केला, ‘जो माणूस माती इतकी जपतो, तो धान्यही जपेल.’ त्याने सोमरक्षिताला बोलावून कोठार त्याच्या हाती दिले. काम लोकांच्या भल्याचे होते, त्यामुळे सोमरक्षिताला नाही म्हणता आले नाही. कोठारातली चोरी थांबली, तेव्हा राजाने व्यापाऱ्यांचे आणि कारागिरांचे तंटे त्याच्याकडे सोपवले. तंटे मिटू लागले, तेव्हा हत्तीशाळा दिली. मग उत्सवांची व्यवस्था आली. यातले कोणतेच काम वाईट नव्हते, आणि प्रत्येक वेळी राजा म्हणे, “तुझ्यावाचून हे दुसऱ्या कोणाला जमणार?” सोमरक्षित राजवाड्याजवळच्या मोठ्या घरात राहायला आला. बांधावर रोज फिरण्याचे काम त्याने चापिलेच्या धाकट्या भावाला, कुसुमकाला दिले.

तेव्हापासून त्याच्या मनाला थारा राहिला नाही. कोठारात उभा असताना तो तंट्यांचा विचार करी. तंटा ऐकताना त्याला हत्तींचा चारा आठवे. कोणी हाक मारली तर छातीत धस्स होई, कारण काहीतरी राहून गेले असणार असे आधीच वाटत असे. बहुधा ते खरेही असे.

एकदा जेवताना चापिला म्हणाली, “आज भाजीत मीठ नव्हतं.”

“हो का?” तो म्हणाला.

“कालही नव्हतं. तुमच्या लक्षात येतं का, हेच पाहत होते.”

सोमरक्षित ओशाळला. “एवढा उत्सव होऊन जाऊ दे,” तो म्हणाला. “मग जरा उसंत मिळेल.”

“मागच्या उत्सवालाही तुम्ही हेच म्हणाला होतात,” चापिला म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात मीठ वाढले.

तो उत्सव शरद ऋतूतला होता. तलावातले जास्तीचे पाणी बांधाच्या एका कडेला असलेल्या सांडव्यावरून वाहून जात असे. सांडव्याखालची सपाट हिरवी जमीन राजाच्या मनात भरली. तेथे मंडप घालावा आणि पाणी येऊ नये म्हणून सांडव्याच्या तोंडावर काही दिवसांपुरती दगडामातीची भिंत घालावी, असे त्याने ठरवले. पाऊस संपत आला आहे, असे सगळेच म्हणत होते. त्या आज्ञेवर सोमरक्षिताची मुद्रा लागत होती. त्या दिवशी त्याच्यापुढे माणसांची रांग लागली होती. त्याने मुद्रा उमटवली आणि पुढच्या माणसाकडे पाहिले.

मग हस्त नक्षत्राचा पाऊस लागला. टेकड्यांवरून तांबडे लोंढे तलावात उतरू लागले. उत्सवाच्या आदल्या दिवशी आभाळ उघडले, तेव्हा लोक म्हणाले, “राजाचं पुण्य मोठं.” राजाने आणखी एक गोष्ट जाहीर केली. उत्सवाच्या सकाळी, भर मंडपात, तो सोमरक्षिताला महामात्य करणार होता.

त्या सकाळी सोमरक्षित रेशमी वस्त्रे नेसून दारात उभा राहिला. त्याला मंडपात न्यायला हत्ती अजून यायचा होता. तो कमरेला बांधलेल्या मुद्रा पुन्हा पुन्हा चाचपून पाहत होता.

चापिलेने विचारले, “कसली काळजी वाटते आहे?”

“सगळ्याचीच.”

“सगळ्याची काळजी कुणाला करता येत नाही. नीट आठवा. कशाची?”

तो आठवू लागला. कोठार, हत्ती, पाहुण्यांची आसने अशी एकेक गोष्ट मनातून जाऊ लागली. त्यांतल्या कशानेही छातीवरचे ओझे हलले नाही. मग त्याला सांडव्यावरची भिंत आठवली. त्याने पादत्राणे दारातच टाकली आणि तो बांधाच्या दिशेने चालू लागला. थोड्या वेळाने तो धावत होता.

कुसुमक बांधावरच होता. “दाजी, आज तुम्ही इकडे कसे?” तो हसून म्हणाला. “सगळं ठीक आहे. मधल्या भागात पायथ्याशी थोडा पाझर आहे, पण तो नेहमीचाच.”

“पाणी नितळ आहे की गढूळ?”

कुसुमकाचे हसू मावळले. “ते मी पाहिलं नाही, दाजी. लांबून तर पाण्यासारखंच दिसत होतं.”

दोघे खाली उतरले. बांधाच्या पायथ्याशी गवतातून हाताच्या मनगटाएवढी पाण्याची उकळी फुटत होती. सोमरक्षिताने ओंजळ भरली. पाणी तांबडे होते, आणि ते बोटांमधून गळून गेल्यावर तळहातावर चिखल उरला. त्याने वर पाहिले. तलाव काठोकाठ भरला होता आणि पाण्याला जायला वाट नव्हती.

बांधाच्या डागडुजीसाठी वाळू आणि खडीचे ढीग तेथे कायम ठेवलेले असत. कुसुमकाने पायथ्याच्या वस्तीतली माणसे बोलावली. ती पाट्या भरभरून वाळू आणि खडी उकळीभोवती टाकू लागली, म्हणजे पाणी निघून जावे पण त्याबरोबर माती जाऊ नये. उकळी जरा मंदावली. मग दोन हातांवर दुसरी फुटली.

तेवढ्यात राजवाड्याचा कारभारी बलमित्र हत्तीवरून आला. तो धापा टाकीत खाली उतरला. “सोमरक्षिता, अरे मुहूर्त टळतो आहे! महाराज मंडपात येऊन बसलेत. हे काय अवतार करून घेतलेस?”

“आर्य, मंडप रिकामा करा,” सोमरक्षित म्हणाला. “सांडव्याची भिंत फोडावी लागणार. पाणी थेट तिथेच येईल.”

बलमित्राचा चेहरा उतरला. “तुला कळतंय का तू काय बोलतो आहेस? पाझर तर दरवर्षीच असतो. इथे हाताखालच्या कोणाला तरी उभं कर आणि तासाभरासाठी चल. महामात्य झालास की हजार माणसं लावून बांध दुरुस्त कर. सत्ता हातात आली तर किती लोकांचं भलं करशील, याचा विचार कर.”

ते बोलणे खोटे नव्हते, म्हणूनच ते सोमरक्षिताला जड गेले. बांध कदाचित संध्याकाळपर्यंत टिकलाही असता. मग राजाचा मंडप बुडवणारा वेडा म्हणून त्याचे नाव राहिले असते आणि शिक्षाही झाली असती. आणि तासाभरात बांध गेला असता तर ते पाहायला मंडपातही कोणी उरले नसते. त्याने खाली वाकून पुन्हा ओंजळ भरली. चिखल मघापेक्षा दाट होता.

त्याने कमरेच्या सगळ्या मुद्रा सोडल्या आणि बलमित्राच्या हातावर ठेवल्या. “कोठार, न्याय, हत्तीशाळा, उत्सव. ही सगळी कामं चांगल्या माणसांच्या हाती द्या. अशी माणसं नगरात आहेत, आपण त्यांना कधी विचारलं नाही एवढंच. मला इथून हलता येणार नाही. महाराजांना सांगा, मी विनंती करत नाही, पाणी येतं आहे असं सांगतो आहे.”

बलमित्र मुद्रा घेऊन घाईने हत्तीवर चढला.

चापिला मागोमाग आली होती. तिने सारे ऐकले. “मंडपाखालच्या शेतांत माणसं असतील,” ती म्हणाली, “त्यांना कोण सांगणार?” आणि उत्तराची वाट न पाहता ती पदर खोचून उताराने निघाली.

सोमरक्षित कुदळ घेऊन सांडव्यावर जाऊन उभा राहिला. मंडपातून अजून वाद्यांचा आवाज येत होता. लोक आत असताना भिंत फोडता येत नव्हती, आणि वाट पाहताही येत नव्हती. खालून कुसुमक ओरडत होता, “दाजी, तिसरी फुटली!” मागे तलाव शांत होता, त्यात आभाळ दिसत होते, आणि त्या शांततेचीच त्याला सर्वांत जास्त भीती वाटत होती.

वाद्ये थांबली. मग आरडाओरडा ऐकू आला. माणसे मंडपातून बाहेर पडून टेकडीकडे धावू लागली. चापिलेने शेताच्या बांधावर उभे राहून दोन्ही हात वर केले. वाट मोकळी झाल्याची ती खूण होती. सोमरक्षिताने पहिला घाव घातला.

भिंत फुटली आणि पाणी गर्जत खाली गेले. मंडपाचे खांब काडीसारखे मोडले. खालची काही शेते उभ्या पिकासह वाहून गेली. तलाव हळूहळू उतरू लागला, एवढा हळू की पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागावा.

राजा रेणुमित्र संतापाने बांधावर आला. त्याने बोलायला तोंड उघडले, तेवढ्यात बांधाच्या मधल्या भागाची माती आतल्या आत बसली आणि माथ्यावरचा मोठा तुकडा घसरून पायथ्याशी गेला. पाणी त्या खाचेच्या वीतभर खाली येऊन पोचले होते. तलाव सकाळइतका भरलेला असता, तर तेथून नगरावर आला असता. राजा ती खाच पाहत राहिला.

मग तो म्हणाला, “मी तुला दंड करायला आलो होतो. आता सांगतो, तूच महामात्य हो.”

“महाराज, मला माझा बांध परत द्या.”

“एवढ्या योग्यतेचा माणूस मातीच्या ढिगाऱ्यावर आयुष्य घालवणार?”

“माझ्याकडे लक्ष देण्याची थोडी शक्ती आहे, महाराज. ती पाच ठिकाणी वाटली, तेव्हा पाचही ठिकाणी ती अपुरी पडली. त्या भिंतीच्या आज्ञेवर मुद्रा माझीच होती.”

राजाला ते आवडले नाही. पण त्याने मान हलवली. शेते गेलेल्यांना कोठारातून धान्य मिळाले, तरी त्यांतले काही जण वर्षभर सोमरक्षिताशी बोलले नाहीत. तो आणि चापिला दोन खोल्यांच्या घरात परत आले. आभाळ भरून आले की त्याच्या छातीत अजूनही धडधड होई. भीती गेली नव्हती. पण आता तिला एक ठिकाण होते, आणि तो उठून तेथे जाऊ शकत होता.

शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, ही कथा विहारात एका भिक्षूला सांगितली. त्याचे नाव पूर्णघोष. त्याने पाठांतर, शिकवणे, चीवरे शिवणे, नव्या विहाराचे बांधकाम आणि आजारी भिक्षूंची सेवा अशी सगळी कामे अंगावर घेतली होती. “भन्ते, मी चांगला होण्यासाठी इतकं करतो, तरी मन सारखं घाबरं का असतं?” असे म्हणून तो रडला होता.

कथा सांगून शास्ता म्हणाला, “त्या वेळचा राजा म्हणजे आज विहार बांधून देणारा श्रेष्ठी. बलमित्र म्हणजे तुझ्याकडे नवी नवी कामे घेऊन येणारा ज्येष्ठ स्थविर. चापिला म्हणजे रुग्णांसाठी पेज आणणारी उपासिका शुभगा. पाझर लांबून पाहणारा कुसुमक तू होतास, पूर्णघोष. आणि सोमरक्षित मीच होतो.”

पूर्णघोषाने डोळे पुसले. मग म्हणाला, “भन्ते, रुग्णशाळेत एक म्हातारा भिक्षू पडून आहे. काल मी त्याला पाणी दिलं का, हे मला आठवत नाही.”

“मग इथे का बसला आहेस?” शास्ता म्हणाला.

पूर्णघोष उठला आणि पाण्याचे भांडे भरून घेऊन गेला. बाकीची कामे त्याने दुसऱ्या दिवशी परत केली. मोजकेच काम घ्यावे आणि त्यात सगळे मन ठेवावे, या गुणाला अल्पकृत्यता म्हणतात.